द्वंद्वयोद्ध्यांचा शल्यवैद्य : गॅलेनच्या पर्गामममधील कारकिर्दीचा विचार

क्रीडावैद्यकाच्या इतिहासाचे विवेचन बहुधा एका नावापासून सुरू होते. इ. स. १५७ मध्ये आशिया मायनरमधील पर्गामम या नगरीत गॅलेन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा वैद्य तेथील द्वंद्वयोद्ध्यांच्या, म्हणजे ग्लॅडिएटरांच्या, पथकावर नेमला गेला आणि खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणारा पहिला शल्यवैद्य तो हाच, असे सांगितले जाते. हे विधान सुटसुटीत आहे. परंतु मूळ साधनांच्या आधारे ते तपासू लागताच त्यात दडलेले तीन प्रश्न समोर येतात. गॅलेन खरोखरच पहिला होता काय? रिंगणातील त्या द्वंद्वांना खेळ म्हणता येईल काय? आणि ज्या रुग्णाचे शरीर त्याच्या स्वतःच्या मालकीचे नाही, त्याला बरे करून पुन्हा शस्त्रापुढे उभे करणाऱ्या वैद्याचे यश कोणत्या मापाने मोजावयाचे? प्रस्तुत निबंधात या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने गॅलेनच्या १५७ ते १६१ या काळातील कारकिर्दीचा विचार केला आहे.

भारतीय वाचकाला हा वैद्य सर्वस्वी परका नाही. युनानी वैद्यकाच्या परंपरेत तो ‘जालीनूस’ या नावाने ओळखला जातो आणि ‘बुकरात’ म्हणजे हिपॉक्रेटीस याच्या पाठोपाठ त्याचे नाव घेतले जाते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. तेथून ते फारसी व अरबी वैद्यकग्रंथांच्या द्वारे दिल्लीपर्यंत आणि दख्खनपर्यंत पोहोचले. तथापि हकिमांच्या परंपरेत टिकून राहिला तो मुख्यतः चार दोषांचा, प्रकृतीचा आणि नाडीचा भाष्यकार गॅलेन. हातात सुई-दोरा घेऊन फाटलेले स्नायू शिवणारा तरुण गॅलेन त्या मानाने विस्मृतीत गेला.

साधनांचे स्वरूप

गॅलेनने अफाट लिहिले. कार्ल ग्योटलोब क्यून याने १८२१ ते १८३३ या काळात सिद्ध केलेली त्याच्या ग्रंथांची ग्रीक-लॅटिन आवृत्ती बावीस पुस्तकांत छापली गेली आणि तरीही ती पूर्ण नाही. काही ग्रंथांचे मूळ ग्रीक नष्ट होऊन केवळ अरबी भाषांतर उरले आहे. उत्तम वैद्याची परीक्षा कशी करावी या विषयावरील त्याचा ग्रंथ असाच अरबीतून वाचला आणि अरबी संहितेसह १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. द्वंद्वयोद्ध्यांकडील त्याच्या नेमणुकीची सविस्तर हकीकत त्यातच मिळते. याशिवाय औषधांच्या संयोगांविषयीचा ग्रंथ, अवयवांच्या उपयोगांविषयीचा ग्रंथ, अन्नाच्या गुणधर्मांविषयीचा ग्रंथ आणि हिपॉक्रेटीसच्या सांधेविषयक ग्रंथावरील भाष्य यांत या काळाचे तुटक उल्लेख विखुरलेले आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. हे सर्व पुरावे गॅलेनच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेले आहेत, आणि तेही घटनांनंतर पुष्कळ वर्षांनी. त्याला ज्यांनी नेमले त्या महापुरोहितांची किंवा ज्यांच्यावर त्याने उपचार केले त्या योद्ध्यांची बाजू सांगणारा एकही मजकूर हाती नाही. शिवाय गॅलेन हा आत्मश्लाघेत मागे राहणारा लेखक नव्हे. म्हणून त्याचे प्रत्येक विधान त्या काळाच्या कायद्याशी, शिलालेखांशी आणि उत्खननातील अवशेषांशी ताडून पाहावे लागते.

घडण

गॅलेनचा जन्म इ. स. १२९ मध्ये पर्गामम येथे झाला. हे स्थळ आजच्या तुर्कस्तानातील बेर्गामा होय. त्याचे वडील निकोन हे वास्तुविद असून सधन होते. गणित, तर्क आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण मुलाला त्यांनी प्रथमपासून दिले. गॅलेन सोळा-सतरा वर्षांचा असताना वडिलांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्यानुसार त्यांनी मुलाला वैद्यकाकडे वळविले, असे तो सांगतो. पर्गामममध्ये आरोग्यदेव अस्क्लेपियसचे प्रसिद्ध आरोग्यमंदिर होते. दूरदूरचे रुग्ण तेथे मुक्कामाला येत. अशा नगरीत वैद्यकाचे वातावरण घरातच असावे, यात नवल नाही.

त्याचा पहिला गुरू सॅटिरस. वडिलांच्या निधनानंतर तो स्मर्ना येथे पेलॉप्सकडे गेला, तेथून कॉरिंथला आणि अखेरीस अलेक्झांड्रियाला. अलेक्झांड्रियाचे महत्त्व विशेष होते; कारण मानवी सांगाडा प्रत्यक्ष पाहून अस्थिरचना शिकण्याची सोय तेथे होती. मानवी प्रेताचे विच्छेदन मात्र त्या काळी कोठेही रूढ नव्हते. गॅलेनचे शरीररचनेचे ज्ञान वानर, डुक्कर, शेळ्या अशा प्राण्यांच्या विच्छेदनावर उभे होते. जवळजवळ नऊ वर्षांच्या या भ्रमंतीनंतर १५७ मध्ये तो पर्गाममला परतला, तेव्हा ग्रंथज्ञान आणि विच्छेदनाचा सराव या दोहोंची शिदोरी त्याच्यापाशी होती; उणीव होती ती जिवंत माणसाच्या जखमांची.

नेमणूक

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील ग्रीकभाषक प्रांतांत द्वंद्वयुद्धांचे उत्सव सम्राटपूजेशी निगडित होते. प्रांताचा महापुरोहित हा श्रीमंत घराण्यातील प्रतिष्ठित नागरिक असे. आपल्या पदाच्या काळात लोकांसाठी द्वंद्वे भरविणे हा त्याच्या मानाचा आणि खर्चाचाही भाग असे. त्यासाठी तो योद्ध्यांचे पथक बाळगी. फ्रेंच पुराभिलेखतज्ज्ञ लुई रोबेर यांनी १९४० मध्ये ग्रीक पूर्वेतील ग्लॅडिएटरविषयक शिलालेख एकत्र करून ही प्रथा तेथे किती खोल रुजली होती हे दाखवून दिले. त्यापूर्वी ती केवळ रोमन क्रौर्याची आयात मानली जात असे.

नेमणुकीची जी हकीकत गॅलेन देतो ती नाट्यमय आहे. नगरातील वैद्यांच्या जाहीर मेळाव्यात त्याने एका वानराचे पोट चिरून आतडी बाहेर काढली आणि ती जागेवर बसवून पोट शिवून दाखविण्याचे आव्हान उपस्थित ज्येष्ठ वैद्यांना दिले. कोणी पुढे आले नाही. तेव्हा त्याने स्वतः ते करून दाखविले. नंतर मोठ्या रक्तवाहिन्या कापून रक्तस्राव थांबविण्यास सांगितले. तेही अखेर त्यानेच केले. हे पाहून महापुरोहिताने योद्ध्यांची जबाबदारी वय न पाहता त्याच्याकडे सोपविली. पुढील महापुरोहितांनीही त्यालाच कायम ठेवले.

या प्रसंगातील अतिशयोक्ती वगळली तरी दोन गोष्टी उरतात. पहिली अशी, की वैद्याची निवड जाहीर चढाओढीने होणे हे त्या समाजाला धरून होते. भाषण, व्याख्यान, विच्छेदन या सर्वांनाच तेथे सामन्याचे रूप येत असे. दुसरी अशी, की परीक्षेचा विषय नेमका पोटाची जखम आणि रक्तस्राव हाच होता. पथकाच्या मालकाला ज्या दोन कारणांनी योद्धा गमावण्याची भीती होती, तीच कारणे गॅलेनने परीक्षेसाठी निवडली.

याच हकिकतीवरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गॅलेन आपल्या आधीच्या वैद्याचा उल्लेख करतो आणि त्याच्या उपचारपद्धतीवर टीकाही करतो. रोममधील शिलालेखांतही ग्लॅडिएटरांच्या प्रशिक्षणशाळांवरील वैद्यांचे उल्लेख आहेत. त्याच्याही कित्येक शतके आधी, इ. स. पूर्व पाचव्या शतकात, सेलिंब्रियाच्या हेरोडिकसने व्यायाम आणि वैद्यक यांची सांगड घातली होती. प्लेटोने त्याची थट्टा केली ती त्यामुळेच. तात्पर्य, गॅलेन या व्यवसायातील पहिला नव्हे. पहिला म्हणावयाचे तर ते या अर्थाने, की या कामाचा प्रत्यक्ष अनुभव ज्याने लिहून ठेवला आणि ज्याचे लेखन टिकले असा पहिला शल्यवैद्य तो आहे.

जखमा आणि उपचार

पूर्वीचे वैद्य योद्ध्यांच्या जखमा कढत पाण्याने शेकत आणि त्यांवर पाण्या-तेलात शिजविलेल्या गव्हाच्या पिठाचे पोटीस बांधत. अशा उष्ण आणि ओल्या उपचारांनी मांस सैल पडते आणि कुजते, हे गॅलेनच्या लक्षात आले. त्याने ही रीत बंद केली. तुरट, गडद मद्यात भिजविलेल्या कापडाच्या घड्या जखमेवर ठेवून, वर मऊ स्पंज ठेवून, त्या रात्रंदिवस ओल्या राखण्याची पद्धत त्याने अवलंबिली. मद्यातील रोगजंतुनाशक गुणाची कल्पना त्याला असणे शक्य नव्हते. त्याची उपपत्ती दाहाची आणि तुरटपणाने मांस आकसण्याची होती. उपपत्ती चुकीची आणि परिणाम हितकारक, असे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडले आहे. त्या उदाहरणांत याची गणना करावी लागेल.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अश्वारूढ वर्गातील एका योद्ध्याला मांडीच्या खालच्या भागात, पुढील बाजूस, आडवा आणि खोल वार बसला होता. जखमेची एक कड वर ओढली गेली होती, दुसरी गुडघ्याकडे. कंडरेला सुई लावू नये, लावल्यास आचके येतात, अशी गुरुपरंपरेची शिकवण होती. मांसल भाग कोणता आणि कंडरा कोणती हे विच्छेदनाने ठाऊक असल्यामुळे गॅलेनने दूर गेलेले भाग जवळ आणून शिवले. आडवा तुटलेला स्नायू न शिवल्यास मनुष्य जगतो खरा, पण पाय निकामी होतो, हे त्याला दिसत होते. येथे शल्यवैद्याचे उद्दिष्ट बदललेले दिसते. जीव वाचविणे एवढेच आता पुरेसे नाही. अवयवाची क्रिया परत आली पाहिजे. खेळातील दुखापतींच्या शल्यचिकित्सेचे वेगळेपण आजही याच भेदात आहे.

तिसरे उदाहरण वपेचे. वपा म्हणजे आतड्यांवरील मेदयुक्त पडदा. पोटावरील वारामुळे एका योद्ध्याची वपा बाहेर आली होती. गॅलेनने ती जवळजवळ सर्व कापून काढली. रोगी लवकर बरा झाला. परंतु त्यानंतर त्याला थंडी सोसेना आणि पोटाला लोकर गुंडाळून ठेवावी लागे. यावरून वपेचे कार्य उष्णता राखणे हे असावे, असे अनुमान गॅलेनने काढले. अनुमान आज मान्य होणारे नाही. पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची चौकशी चालू ठेवणे आणि तिच्यातून अवयवाच्या कार्याविषयी प्रश्न उपस्थित करणे, ही रीत मात्र लक्षणीय आहे.

अर्थात केवळ जखमा पाहिल्याने शरीररचना कळते, हे त्याला मान्य नव्हते. मार्कस ऑरेलियसच्या जर्मानिक युद्धात शत्रूची प्रेते चिरण्याची मुभा मिळूनही सैन्यातील वैद्य आचाऱ्यांहून अधिक काही शिकले नाहीत, असा टोला त्याने लगावला आहे. आधी प्राण्यांच्या विच्छेदनाने नजर तयार झाली असेल तरच जखम काही शिकविते, हा त्याचा सिद्धान्त होता. त्या सिद्धान्ताची मर्यादा पुढे उघड झाली. वानरावरून माणसाकडे जाताना झालेल्या त्याच्या चुका सुमारे तेरा शतके प्रमाण मानल्या गेल्या आणि १५४३ मध्ये व्हेसेलियसने त्या दाखविल्या.

येथे सुश्रुतसंहितेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सद्योव्रणांचे, म्हणजे आघाताने तत्काळ झालेल्या जखमांचे, छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. पोटाच्या जखमेतून मेदाची वर्ती बाहेर आल्यास ती दोऱ्याने बांधून तप्त शस्त्राने कापावी, असे तेथे विधान आहे. बाहेर आलेले आतडे धुऊन आत कसे घालावे याचेही वर्णन आहे. या दोन परंपरांत देवघेव झाली असे म्हणण्यास या साम्याचा आधार घेता येणार नाही. सारख्या शस्त्रांनी सारख्या जखमा होतात आणि हाताशी आलेल्या शरीरापुढे अनुभवी शल्यविद सारख्या निर्णयाला येतात. फरक आहे तो लेखनाच्या स्वरूपाचा. सुश्रुतसंहिता नियम सांगते. रुग्ण तेथे निनावी आणि सर्वसामान्य आहे. गॅलेन एकेका रुग्णाची हकीकत सांगतो. रुग्णाचे नाव तोही देत नाही, पण जखमेची जागा, दिशा आणि परिणाम देतो.

आहार, व्यायाम आणि शरीर

ग्लॅडिएटरांना रोमन लोक ‘जव खाणारे’ म्हणत. प्लिनीने हे टोपणनाव नोंदविले आहे. आपल्या नगरीतील योद्धे रोज मोठ्या शेंगांच्या दाण्यांचे कालवण खातात आणि त्यामुळे त्यांचे मांस डुकराच्या मांसावर वाढलेल्या शरीरासारखे घट्ट न होता सैलसर होते, असे गॅलेन लिहितो. या विधानाला अलीकडे अनपेक्षित पुष्टी मिळाली. त्याच प्रांतातील इफिसस येथे १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी उजेडात आली. तेथील साठांहून अधिक व्यक्तींच्या अस्थींचा अभ्यास ऑस्ट्रियन व स्विस संशोधकांनी केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक पृथक्करणातून त्यांचा आहार मुख्यतः धान्य व वनस्पतींचा होता असे दिसले; शिवाय वनस्पतींच्या राखेचे एखादे पेय ते घेत असावेत, असा तर्कही अस्थींतील स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून मांडला गेला. त्याच अस्थींवर नीट भरून आलेल्या जुन्या जखमांच्या खुणा आहेत. गॅलेनने उपचार केलेले योद्धे ते हेच, असे म्हणता येत नाही. परंतु योद्ध्यांवर जाणकार उपचार होत होते आणि ते घाव सोसून पुन्हा उभे राहत होते, हे एका साक्षीदाराच्या शब्दावर अवलंबून न राहता आता म्हणता येते.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. द्वंद्वयुद्ध हा आजच्या अर्थाने खेळ नव्हता. त्यात मृत्यू होता आणि भाग घेणारे बहुसंख्य लोक गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले होते. काही थोडे स्वेच्छेने करार करून येत. पण त्याला शस्त्रांचे ठरावीक वर्ग होते, पंच होते, वस्ताद होते, नेमून दिलेला आहार आणि सराव होता, आणि नेमलेला वैद्य होता. क्रीडेची संस्थात्मक चौकट तेथे पूर्ण होती. नव्हते ते खेळाडूचे स्वातंत्र्य. भारतीय परंपरेतही मल्ल पोसणे ही राजाची हौस होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून मल्लांच्या श्रेणी, आहार आणि मेहनत यांचे नियम तेथे दिले आहेत. आश्रयदात्याच्या विनोदासाठी घडविलेले शरीर, हा प्रकार एकाच संस्कृतीपुरता नव्हता.

हिशेब

गॅलेनने आपल्या यशाचे आकडे दिले आहेत. आधीच्या वैद्याच्या हाताखाली सोळा योद्धे दगावले, आपल्या हाताखाली दोनच, असे तो एके ठिकाणी म्हणतो. दुसरीकडे आपल्याकडील एकही दगावला नाही, असे सांगतो. दोन ग्रंथांतील ही तफावत त्याच्या आठवणीवर किंवा अभिमानावर सोडून देता येईल. त्याहून महत्त्वाचे हे, की वैद्याच्या कौशल्याचा पुरावा म्हणून मृतांची तुलनात्मक संख्या मांडावी, ही कल्पना त्याला सुचली. आणि ती ज्याच्यापुढे मांडली जात होती तो रुग्ण नव्हता, पथकाचा मालक होता.

या मालकाचा दृष्टिकोन समजण्यासाठी गॅलेनचा समकालीन असलेल्या गायस या विधिज्ञाचा आधार घेता येतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या आपल्या पाठ्यग्रंथात त्याने एक कायदेशीर पेच मांडला आहे. योद्धे पुरविताना असा करार झाला, की जो धडधाकट परत येईल त्याच्या श्रमाबद्दल वीस दिनारी आणि जो मारला जाईल किंवा जायबंदी होईल त्याच्याबद्दल एक हजार दिनारी द्यावयाच्या, तर हा व्यवहार भाडेपट्टा की विक्री? गायसचे उत्तर असे, की धडधाकट परतलेल्यांच्या बाबतीत तो भाडेपट्टा, मेलेल्या आणि जायबंदी झालेल्यांच्या बाबतीत विक्री. पन्नासपटीचा हा फरक सारे काही सांगून जातो. कायद्याच्या दृष्टीने मृत आणि अपंग यांत भेद नाही. दोघेही परत करण्यास अयोग्य ठरलेल्या वस्तू आहेत. मांडीचा स्नायू शिवून पाय वाचविणाऱ्या वैद्याची किंमत मालकाला का कळत होती, याचे उत्तर या एका कलमात मिळते.

खर्चाचा हा बोजा कमी व्हावा म्हणून १७७ मध्ये रोमच्या सिनेटने योद्ध्यांच्या किमतींवर मर्यादा घालणारा ठराव केला. त्याची प्रत स्पेनमधील इटालिका येथे काशाच्या पत्र्यावर कोरलेली सापडली आहे. पदावरून उतरणाऱ्या पुरोहिताकडून नव्या पुरोहिताने योद्धे विकत घेण्याची प्रथाही तीत दिसते. पुरोहित बदलत गेले तरी गॅलेन कायम राहिला, याचा अर्थही त्यावरून लागतो. पथक हस्तांतरित होत असावे आणि वैद्याची किंमत त्या पथकाच्या किमतीत धरली जात असावी.

गॅलेनला या व्यवस्थेविषयी काय वाटत होते? क्रोधाविषयीच्या लेखनात तो गुलामांना रागाच्या भरात मारणाऱ्यांचा निषेध करतो. प्रवासात एका क्रीटवासी मित्राने संतापून आपल्या गुलामांच्या डोक्यावर तलवारीचे वार केले, तेव्हा गॅलेनने त्या जखमींवर उपचार करून मित्राची कानउघाडणी केली, असाही प्रसंग तेथे आहे. व्यायाम आणि स्वास्थ्य यांवरील लेखनात तो व्यावसायिक मल्लांच्या जीवनावर कठोर टीका करतो. खाणे, झोपणे आणि अतिरेकी मेहनत यांनी त्यांचे शरीर बेडौल आणि रोगप्रवण होते, असे त्याचे मत होते. लहान चेंडूचा खेळ त्याला पसंत होता तो स्वस्त, सर्वांना साधणारा आणि सांधे न निखळविणारा म्हणून. परंतु ज्या उताऱ्यांत तो रिंगणातील जखमांविषयी बोलतो, त्यांत रिंगणाविषयी निषेधाचा शब्द येत नाही. मालकाचा राग त्याला नैतिक दोष वाटतो. मालकाचा उत्सव त्याला दिलेली परिस्थिती वाटते. हे त्याच्या एकट्याचे आंधळेपण नव्हे. त्याच्या वर्गाचे आणि काळाचे आहे. तरीही ते नोंदविले पाहिजे, कारण शरीर इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाने त्या शरीराची अवस्था पाहिली नाही.

रोम आणि नंतर

१६१ च्या सुमारास हे काम संपले आणि १६२ मध्ये गॅलेन रोमला पोहोचला. तेथे त्याची कीर्ती झाली ती जाहीर विच्छेदनांमुळे आणि रोगनिदानामुळे. शल्यकर्म त्याने बव्हंशी सोडले. आशियात असताना आपण ते करीत होतो, रोममध्ये मात्र नगरीच्या रिवाजाप्रमाणे ते शल्यवैद्यांवर सोपविले, असे तो सांगतो. म्हणजे त्याची शल्यवैद्य म्हणून मुख्य कारकीर्द अवघी चार-साडेचार वर्षांची. पुढील अर्धशतकाच्या लेखनात मात्र तिचा पुरावा तो पुन्हा पुन्हा काढतो.

याच काळातील एक दुखापत त्याची स्वतःची आहे. पस्तिशीच्या सुमारास तालमीत व्यायाम करताना त्याच्या खांद्याच्या टोकाचे हाड गळ्यालगतच्या आडव्या हाडापासून सुटले. तालमीतील लोकांना दंडाचे हाड निखळले असे वाटले आणि ते हात ओढू लागले. दुखणे निराळे आहे हे गॅलेनने ओळखले, ओढाताण थांबविली आणि खांदा अत्यंत घट्ट बांधून घेतला. हा जाच त्याने चाळीस दिवस सोसला, आणि सांधा पूर्ववत् झाला. इतरांना असे बंध सोसवत नाहीत, म्हणून ते सदोष राहतात, असेही त्याने हिपॉक्रेटीसवरील भाष्यात नोंदविले आहे. या दोन सांध्यांच्या दुखापतींची गल्लत आजही होते, म्हणून हाडवैद्यकाच्या इतिहासात या नोंदीला महत्त्व आहे. सामाजिक दृष्टीनेही ती अर्थपूर्ण आहे. उपचार नाकारण्याचा, दुसरा उपचार निवडण्याचा आणि चाळीस दिवस विश्रांती घेण्याचा जो अधिकार या रुग्णाला होता, तो पर्गाममच्या योद्ध्यांना नव्हता.

१६८-६९ च्या सुमारास सम्राटांनी त्याला बोलावून घेतले आणि राजपुत्र कॉमोडसच्या प्रकृतीची देखरेख त्याच्याकडे आली. हाच कॉमोडस सम्राट झाल्यावर स्वतः ग्लॅडिएटरच्या वेशात रिंगणात उतरू लागला. १९२ मध्ये त्याच्या राजवटीच्या अखेरीस रोममध्ये मोठी आग लागली आणि तीत गॅलेनची कोठारात ठेवलेली पुस्तके, उपकरणे आणि दुर्मीळ औषधे जळाली. या नुकसानीविषयी त्याने लिहिलेले पत्र हरवले असे मानले जात होते. २००५ मध्ये थेस्सालोनिकी येथील व्लाताडोन मठातील एका हस्तलिखितात ते सापडले. गॅलेनच्या मृत्यूचे वर्ष वादग्रस्त आहे. अरबी परंपरेप्रमाणे तो सत्त्याऐंशी वर्षे जगला, आणि अलीकडचे अभ्यासक तिकडेच झुकतात.

समारोप

गॅलेनच्या पर्गामममधील कारकिर्दीतून क्रीडाशल्यचिकित्सेची दोन सूत्रे पुढे येतात. जीव वाचविण्याइतकेच अवयवाची क्रिया परत मिळविणे महत्त्वाचे, हे पहिले सूत्र. उपचाराचे फलित मोजून पूर्वीच्या फलिताशी ताडावे, हे दुसरे. ही दोन्ही सूत्रे वैद्यकाच्या प्रगतीची आहेत यात शंका नाही. पण ती जन्माला आली ती रुग्णाच्या गरजेतून जितकी, तितकीच मालकाच्या हिशेबातून, ही गोष्ट इतिहासलेखनात बहुधा गाळली जाते.

आजचा खेळाडू गुलाम नाही. करार त्याचा स्वतःचा असतो आणि संमतीवाचून त्याच्यावर शस्त्रक्रिया होत नाही. या मूलभूत फरकाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु संघाने नेमलेला आणि संघाकडून वेतन घेणारा वैद्य जेव्हा जखमी खेळाडू मैदानावर परतण्यास योग्य आहे की नाही हे ठरवितो, तेव्हा त्याच्यापुढे दोन माणसे असतात : एक तपासणीच्या मेजावरचा आणि दुसरा दारात उभा राहून निकालाची वाट पाहणारा. गॅलेनने पहिल्याच्या जखमेविषयी विपुल लिहिले आणि दुसऱ्याविषयी केवळ त्याने आपली निवड केली एवढेच. ज्यांच्या मांड्या आणि पोटे त्याने शिवली ते योद्धे बरे होऊन कोठे गेले, हे त्याच्या ग्रंथांतून कळत नाही. गायसच्या करारातील वीस आणि हजार या दोन आकड्यांमध्ये कोठेतरी ते आहेत.